तिसऱ्या पॅऱ्यातला स्वेटर

नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. पण केंद्र सरकारची नोकरी असली की परवानगी मात्र लागते. मी रीतसर अर्ज केला. ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात काय लिहावं यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी ‘धार्मिक व सामाजिक’ असं लिहून मोकळी झाले. सेक्शनमधल्या लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. मॅडम फॉरेन टूरला चालल्या, आता आम्हाला ओळख दाखवतील की नाही, वगैरे. तीस वर्षं एकाच मंत्रालयात फायली पुढे सरकवणाऱ्या बाईला काठमांडू म्हणजे लंडनच, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

दिल्लीतली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी आहे. महिन्यातून दोन रविवारी, दुसऱ्यांची उपासना आटोपली की त्यांच्या चर्चचा हॉल आम्हाला मिळतो. बहुतेक सरकारी नोकरीतली कुटुंबं, एक-दोन घरं कॅन्टोन्मेंटमधली, मुनिरक्याला खोल्या घेऊन राहणारे चार-पाच विद्यार्थी. आमच्या पाळकसाहेबांची काठमांडूबाहेरच्या एका छोट्या चर्चशी ओळख झाली होती. ते चर्च अनाथ मुलांचं एक घर चालवतं, आणि त्यांच्यातल्या काही जोडप्यांनी मुलं दत्तक घेतली होती. नातेवाईक नाकं मुरडत होते, शेजारी कुजबुजत होते. त्या आईबापांना कुणी अनुभवी माणसं भेटावीत, असा निरोप तिकडून आला होता.

अनुभवी म्हणजे मी आणि माझा नवरा. आमची मुलगी चार महिन्यांची असताना आम्ही तिला एका संस्थेतून घरी आणलं. काठमांडूचं ठरलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि आपण दत्तक आहोत हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. ते लपवून ठेवण्याचा मूर्खपणा आम्ही केला नाही. मी केला तो वेगळाच.

आमच्या उपासनेत साक्ष देतात. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. काहीजणांची साक्ष दोन वाक्यांत आटपते, काहीजण दहावीच्या निकालापासून सुरुवात करतात. माझी साक्ष मंडळीत नावाजलेली होती. नऊ वर्षं मूल नाही, डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या, मग एका सकाळी संस्थेचा फोन. आणि मग बाळ कसं सापडलं ते: डिसेंबरची थंडी, एका दवाखान्याबाहेरचा बाक, आणि बाळाच्या अंगात हातानं विणलेला पिवळा स्वेटर. ‘जिनं तिला सोडलं, तिनं आधी तिच्यासाठी स्वेटर विणला होता,’ या वाक्याशी मी जरा थांबत असे. तिथे बायका डोळ्यांना रुमाल लावत.

काठमांडूला हीच साक्ष द्यायची ठरली. तोंडी देण्यापेक्षा लिहून काढावी म्हणजे तिथल्या भाषेत नीट करून घेता येईल, असं पाळकसाहेब म्हणाले. मला लिहा म्हणणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी ऑफिसच्या सवयीनं पॅरे पाडून, नंबर घालून ड्राफ्ट तयार केला. आणि ड्राफ्ट तयार झाला की तो सर्क्युलेट करायचा असतो. चार जणांचा शेरा पडल्याशिवाय आमच्याकडे पाण्याचा कूलरसुद्धा दुरुस्त होत नाही. मी तो सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कृपया आपले अभिप्राय कळवावेत.’

अभिप्राय धो धो आले. कुणी म्हणालं, पहिला पॅरा लांबलाय. कुणी एका वचनाची भर घातली. पाळकसाहेबांनी लिहिलं की पॅरा तीन मुळीच कमी करू नका, स्वेटरचा भाग लोकांना भिडतो. तरुण संघातली मुलं गाणी म्हणणार म्हणून तीही ग्रुपवर होती, आणि कीबोर्ड वाजवणारी माझी मुलगीही होती. संध्याकाळी तिचा मेसेज आला. ‘पॅरा ३ काढावा. तो माझा आहे.’

आम्ही मयूर विहारला राहतो. ती क्लासहून मेट्रोनं घरी आली तेव्हा मी मटार सोलत बसले होते. मला वाटलं होतं, चिडलेली असेल. ती शांतपणे समोर बसली आणि शेंगा सोलायला लागली.

“मम्मी यार, विचारायचं तरी,” ती म्हणाली. “हे सगळे लोक माझ्याकडे बघतात ना, तर त्यांना आधी तो बाकच दिसतो.”

मला राग आला, हे कबूल करते. इतकी वर्षं मी ते देवाचं काम म्हणून सांगत आले होते, आणि तिला त्यात फक्त बाक दिसला. पण राग गिळला, कारण तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं. काढते, म्हणाले. तिनं मान हलवली. ज्याला सांगायचं त्याला मी सांगेन, जेव्हा मला वाटेल तेव्हा, असं म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, “अच्छा, तो स्वेटर संस्थेतच राहिला असेल का? अजून असेल?”

“असेलही,” मी म्हणाले आणि टरफलं उचलून आत गेले.

फेब्रुवारीत आम्ही अकरा जण काठमांडूला गेलो. तीन दिवसांचा कार्यक्रम होता. पहिल्या दिवशी चर्चच्या खोलीत सतरंजीवर सहा जोडपी बसली. मी पॅरा तीन गाळून साक्ष दिली. वाट पाहणं, फोन, आणि मग पुढची वर्षं: शाळेचे फॉर्म, रात्रीचे ताप, ‘हिचा चेहरा कुणावर गेला हो’ विचारणाऱ्या बायका. सात मिनिटांत संपलं. पाळकसाहेबांचा चेहरा बिनसाखरेचा चहा मिळाल्यासारखा झाला. पण जोडप्यांनी वह्या काढल्या. ताप आणि फॉर्म यांतच त्यांना गोडी होती. नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं, या प्रश्नावर माझा नवरा, जो एरवी मंडळीत तोंड उघडत नाही, तो अर्धा तास बोलला. त्याचं सार इतकंच होतं की उत्तर देऊ नका, जेवायला बोलवा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे कागद बघून दिले. लिपी आपलीच, वाचता सगळं येत होतं, समजत निम्मं होतं. तरी कागद कसे लावायचे आणि कशाच्या प्रती ठेवायच्या हे जगात सगळीकडे सारखंच असतं. मला फार उपयोगी पडल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताटं धुऊन अंगणाकडे नेत होते. पायरीवर माझी मुलगी आणि अनाथ मुलांच्या त्या घरातली नऊ वर्षांची एक मुलगी बसल्या होत्या. ती मुलगी पुढच्या महिन्यात सहा जोडप्यांतल्या एका जोडप्याकडे राहायला जाणार होती आणि दोन दिवस धड जेवत नव्हती. टीव्हीमुळे तिला हिंदी चांगलं येत होतं. माझी मुलगी तिची वेणी घालत होती, आणि पोर सांगत होती की तिच्याबरोबर तिच्या आईचं काहीच आलं नाही, फोटोसुद्धा नाही.

“मेरी पहली माँ ने मेरे लिए स्वेटर बुना था,” माझी मुलगी म्हणाली. “पीला. फिर छोड़ा. तेरी वाली ने भी कुछ सोचा होगा, पक्का.”

पोरीनं वळून विचारलं, बटणं होती का? होती, माझी मुलगी म्हणाली. मी ताटं तशीच घेऊन स्वयंपाकघरात परत गेले.

स्वेटर नव्हता. संस्थेच्या कागदावर स्वेटर नाही. तो माझ्या साक्षीत शिरला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. नाताळच्या आधीची उपासना होती, हॉल भरलेला होता, आणि बाळाला कशात गुंडाळलं होतं त्या जागी आल्यावर माझ्या तोंडून पिवळा स्वेटर निघून गेला. पिवळा स्वेटर खरा होता, पण तो मी विणलेला. बाळ येणार हे कळल्यावर जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या हिरवळीवर, उन्हात, इतर बायकांबरोबर बसून मी तो पुरा केला होता. तोच हाताशी होता, तोच बाळाला सोडणाऱ्या बाईच्या नावावर दिला. मला त्या बाईला मंडळीसमोर चांगली दाखवायची होती, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे. पण त्या वाक्यानंतर हॉलमध्ये जी शांतता पसरली ती मला आवडली होती, आणि पुढच्या वेळी मी स्वेटर मुद्दाम आणला, हेही तितकंच खरं आहे. ऑफिसात मी एका तारखेचीसुद्धा खाडाखोड केली नाही कधी.

दिल्लीला परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. तो म्हणाला, दर वेळी मी समोरच बसलेला असायचो की. मग बोलला का नाहीस, असं मी चिडून विचारलं. त्याला वाटलं होतं की मी जाणूनबुजून बदललंय आणि माझं काही कारण असेल. आता सांगून काय मिळणार, ती उगाच दुखावेल, असंही तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्या म्हणण्याचा आडोसा घेतला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, कपाटातून फाइल काढली आणि तिला जेवणाच्या टेबलाशी बोलावलं.

संस्थेचा अहवाल एका पानाचा आहे. मी बोट ठेवलं तिथे तिनं वाचलं. ‘एका टॉवेलात गुंडाळलेले. अंगावर इतर कपडे नाहीत.’ तिनं दोनदा वाचलं. टॉवेलचा रंगसुद्धा लिहिलेला नव्हता. मग मी सगळं सांगितलं, हिरवळीवर विणलेल्या स्वेटरसकट. तो ट्रंकेत अजून आहे, काढून दाखवू का, असंही विचारलं. मला वाटलं होतं, त्यानं थोडं तरी भागेल.

“तो नंतरचा,” ती म्हणाली.

तिनं कागद परत फाइलमध्ये लावला, क्लिप बसवली. हे किती वेळा सांगितलंस, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, पंधरा-वीस वेळा तरी.

“मी एकदाच सांगितलं,” ती म्हणाली. “ज्याला सांगावंसं वाटलं, त्याला. आणि तेपण खोटं.”

रडली नाही, ओरडली नाही. मला ते सोसलं असतं. आठ दिवस ती माझ्याशी घरात लागेल तेवढंच बोलली: दूध संपलं, उशीर होईल, चावी घेतली आहे. रविवारी उपासनेला आली, कीबोर्ड वाजवला, कुणाला काही जाणवू दिलं नाही. मी पाळकसाहेबांना गाठून सांगितलं की साक्षीच्या यादीतून माझं नाव काढा. ते म्हणाले, थकवा असेल, ईस्टरनंतर बघू. मी त्यांनाही खरं सांगितलं, हॉलच्या दाराशी उभ्याउभ्या. ते डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना करू लागले. मला खरं तर ते रागावलेले चालले असते.

नेपाळची मुलगी मार्च संपताना तिच्या नव्या घरी गेली. तिच्या नव्या आईनं फोन केला की पोरगी जेवते आहे, आणि ताईशी बोलायचं म्हणते. व्हिडिओ कॉल रविवारी दुपारी ठरला. माझी मुलगी बाहेरच्या खोलीत बसली. स्वयंपाकघराचं दार तिनं मुद्दाम उघडं ठेवलं असावं असं मला अजूनही वाटतं, पण विचारलेलं नाही. मी पोळ्या लाटत होते.

आधी शाळेचं झालं, मग नव्या घरातल्या कुत्र्याचं. मग माझी मुलगी म्हणाली की एक गोष्ट सांगायची आहे. तो स्वेटर नव्हता. मला चुकीचं सांगितलं गेलं होतं. कुणी, असं पोरीनं विचारलं. “मम्मी ने,” ती म्हणाली, आणि माझी बाजू घेणारं किंवा माझ्यावर ठपका ठेवणारं एकही अक्षर तिनं पुढे जोडलं नाही. फक्त म्हणाली, “एक टॉवेल था, बस.”

पलीकडे कुत्रा भुंकला. मग त्या पोरीनं विचारलं, “फिर आपको ठंड नहीं लगी?”

“लगी होगी,” माझी मुलगी म्हणाली.

सतरा वर्षांत हा प्रश्न मी तिच्याबद्दल एकदाही स्वतःला विचारला नव्हता.