आंबिया बहार अंकाच्या शेवटची खूण

मागील अंकात याच सदरात मनोहरपंतांनी संगणकात शिरलेल्या आत्म्याची जी हकिकत लिहिली आहे, ती माझी आहे. माझी परवानगी न घेता, आणि मुख्य म्हणजे चुकीची, ती छापून आली. माझे वय शहात्तर. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. मनोहरपंतांच्या स्मरणशक्तीवर तर त्याहून नाही. ते आमच्या छापखान्यात मुद्रितशोधक होते; दुसऱ्याच्या मजकुरात दुरुस्त्या करण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली दिसत नाही.

आमचा छापखाना सीताबर्डीवर, मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत होता. काटोलच्या बागायतदारांच्या एका संस्थेचे संत्र्यावरचे मासिक तेथे निघे. जुळणी संगणकावरच होई. परंतु फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या, आधीच्या काळातला. त्या फाइली आज उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि कंस यांची खिचडी तेवढी दिसते.

ऑपरेटर दोघेच होतो, मी आणि दिनकर. चुका कोणाकडे परत पाठवायच्या हे कळावे, म्हणून प्रत्येकाने आपल्या मजकुराच्या शेवटी स्वतःची खूण टाकण्याची रीत होती. माझी खूण तीन तारका. दिनकरची, दोन आडव्या रेघांमध्ये एक शून्य. छपाईच्या पानावरून खूण काढून टाकली जाई, मूळ फाइलमध्ये ती तशीच राही.

दिनकर कळफलकाकडे न पाहता टाइप करी. तोंडाने गप्पा चालू, डाव्या हाताला शेंगांची टरफले, आणि तरीही त्याच्या पानावर मनोहरपंतांना लाल पेन उचलावे लागत नसे. मी त्याच्या आधी येऊन त्याच्या नंतर घरी जाई. माझी पाने लाल होऊन परत येत. एकदा मी त्याच्या हातांकडे टक लावून बसलेला त्याला दिसलो. तो हसून म्हणाला, "काहून जळतं गा वामन? हात तुले बी दोनच, मले बी दोनच." ते वाक्य मी तीस वर्षे विसरलो नाही.

दिनकर चार वर्षांपूर्वी वारला. गेल्या वर्षी संस्थेने जुने अंक संकेतस्थळावर टाकायचे ठरवले आणि मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम मी मागून घेतले. पायथन ही भाषा मी सत्तरीनंतर शिकलो. ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा कमी पडली तरी ती काम नाकारते. ही शिस्त मला आवडली. बाकी त्रास पुष्कळ होता. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आम्ही अक्षराच्या आधी टाइप करीत असू, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. विंडोजवर तयार केलेल्या फाइलच्या आरंभी न दिसणारे एक चिन्ह चिकटून येई आणि माझ्या सुनेच्या मॅकवर पहिलीच ओळ अडे. हे सारे मी एकट्याने निस्तरले. मनोहरपंत लिहितात की प्रोग्राम सुनेने लिहिला. ते खोटे आहे.

त्या प्रोग्राममध्ये मी एक ओळ घातली होती – दिनकरची खूण दिसेल तेथे पुसून टाकणारी. माझ्या तारका पुसणारी ओळ घातली नाही. मनोहरपंतांनी उदार मनाने याला 'नजरचूक' म्हटले आहे. नजरचूक नव्हती. मी ती ओळ समजूनउमजून लिहिली. दर दहा अंकांपैकी सहा त्याचे होते आणि हे लोकांना दिसू नये, अशी माझी इच्छा होती.

डिसेंबरातली दुपार. धरमपेठेतील आमच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर मी प्रोग्राम चालवला. नव्या फाइली एकेक करून पाहिल्या. दिनकरची खूण सगळीकडून गेली होती. एक फाइल सोडून. संत्र्याच्या आंबिया बहारावर, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यावर, काढलेल्या विशेषांकाच्या शेवटी रेघ, शून्य, रेघ अशी ती स्वच्छ उभी होती.

वाचकांनी येथे नीट लक्ष द्यावे. त्या विशेषांकाच्या मूळ फाइलच्या शेवटी माझ्या तीन तारका होत्या. मी उघडून पाहिल्या; नव्या फाइलमध्ये मात्र त्या नव्हत्या. दिनकरची खूण मुळात नव्हतीच, आणि माझा प्रोग्राम खूण पुसत होता, लिहीत नव्हता.

मी पुन्हा चालवला. पुन्हा तेच. हाताने खूण पुसली की ती पुसली जाई. प्रोग्राम चालवला की परत येई. माझी सून अनघा आयटीत आहे. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आधी जेवून घ्या. प्रोग्राम कुठं पळून नाही राहिला." जेवणानंतर तिने तासभर पाहिले. आधी तिला ओळींच्या शेवटाचा संशय आला – विंडोज तेथे दोन चिन्हे ठेवते, इतर एकच. मग खूण शोधून पुसणारा नमुना अधाशीपणे भलताच मजकूर गिळत असावा, असे तिने सुचवले. दोन्ही तपासले, दोन्ही निर्दोष निघाले. शेवटी माझा प्रोग्राम न पाहता तिने आपला नवा लिहिला. मी जुन्या अक्षराला नवे अक्षर जोडणाऱ्या रूपांतराच्या तक्त्यातून शून्यच काढून टाकले, म्हणजे लिहायला हाताशी शून्य उरू नये. तिच्या मॅकवर चालवले. फाइल फोनवर उघडली.

रेघ, शून्य, रेघ.

"तक्त्यात शून्य नाहीये," अनघा म्हणाली. "मग हे आलं कुठून?" तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, हा अंक तुम्हीच केला होता ना?"

मनोहरपंतांनी येथे खुर्चीत बसलेली आकृती दिसली असे लिहिले आहे. मला कोणीही दिसले नाही. खोलीत संत्र्याचा वास दरवळला, असेही ते लिहितात. डिसेंबरात नागपुरातल्या कोणत्या खोलीत तो नसतो, हे त्यांनी सांगावे.

जे त्यांना ठाऊक नाही ते आता लिहितो. तो विशेषांक मी केला नव्हता. मी काविळीने घरी पडलो होतो आणि दिनकरने तो एकट्याने तीन दिवसांत उभा केला. मी कामावर परतलो त्या दिवशी तो जागेवर नव्हता. फाइल उघडून मी त्याची खूण पुसली आणि माझ्या तारका टाकल्या. संस्थेने काटोलला बोलावून शाल-श्रीफळ दिले ते मला. दिनकर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. हे दोघांनाच माहीत आहे असे मी धरून चाललो होतो, आणि त्यातला एक गेला होता.

त्याच आठवड्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "काका, विशेषांकावर जुळणी म्हणून तुमचंच नाव टाकून राहिलो. वेबसाइटच्या उद्घाटनाले स्टेजवर बसा लागते." हाताने खूण पुसून फाइल पाठवणे एका मिनिटाचे काम होते. मी पुसलीही. मग ती फाइल न पाठवता एसटीने काटोलला दिनकरच्या घरी गेलो.

सुमनताई, दिनकरच्या पत्नी, अंगणात तूर निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"मले ठाऊक होतं भाऊजी. यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग तो बोलला का नाही?"

"मी म्हणलं होतं, जाऊन भांडा म्हणून. तर म्हणे, राहू दे वं. त्याले त्या शालीची जास्त गरज हाय." मग त्यांनी विचारले, "चहा घेता ना?"

मी चहा घेतला. खरे सांगतो, खुणेपेक्षा ते वाक्य मला अधिक झोंबले. टायपिंगमध्ये तो पुढे होताच; ती शाल माझ्या खांद्यावर होती तेव्हाही ती त्याने दिलेली होती, आणि मला ते इतकी वर्षे कळूही दिले नाही.

तेथूनच सचिवांना फोन केला. विशेषांकावर आता दिनकरचे नाव आहे; खुणा पुसणारी ती ओळही मी प्रोग्राममधून काढून टाकली. उद्घाटनाला स्टेजवर सुमनताई बसल्या. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या, दिनकरइतक्या मोकळ्या वाजल्या नाहीत.

मनोहरपंत लिहितात की आत्मा शांत झाला. कशावरून, ते लिहीत नाहीत. मला माहीत आहे ते इतकेच – काटोलहून परतल्यावर मी त्याच फाइलवर प्रोग्राम पुन्हा चालवला. आता खुणा पुसायला त्यात काहीही नव्हते. शेवटी माझ्या तीन तारका आल्या. का आल्या, आधी का येत नव्हत्या, याचे स्पष्टीकरण ना अनघाकडे आहे, ना माझ्याकडे.

त्यानंतर कित्येक दुपारी जेवण झाल्यावर मी तो चालवून पाहिला आहे. तारकाच येतात. मी त्या हाताने पुसतो, आणि रेघ, शून्य, रेघ स्वतः टाइप करतो – कळफलकाकडे पाहूनच.