चोविसावं चित्र

दत्तादादा गेल्याचं मला बसस्टँडवर कळलं. आदिलाबादहून आसिफाबादकडे जाणारी सकाळची बस लागली होती. आम्ही दोघं त्या बसनं जाणार होतो. मी डब्यात ज्वारीची भाकरी आणि त्याच्या आवडीचं कोरडं पिठलं घेतलं होतं. तो कधी उशीर करत नसे, म्हणून फोन लावायला काढला, तर त्याच्या शेजारणीचाच फोन आला. "बाई, दादा उठलेच नाहीत," एवढंच ती बोलली. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. मी फोन कानाला लावून तशीच उभी होते आणि बस निघून गेली... त्याच्या घरी पोचले तेव्हा खुर्चीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवलेला होता. म्हणजे जायचं त्यानं ठरवलं होतं. गेले सहा आठवडे मी त्या शर्टाचा विचार करते आहे.

दत्तादादा माझा मावसभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो जमीन मोजणीच्या दफ्तरात नकाशे काढत असे, मी मराठी शाळेत शिकवत असे. वहिनी लवकर गेल्या, मी लग्न केलं नाही. दोघांची घरं एकाच गावात, दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि दोन्ही घरांत बोलायला दुसरं माणूस नाही. आजोबांच्या काळात राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा किनवट, राजुरा महाराष्ट्रात गेले आणि आम्ही इकडे तेलुगू मुलखात राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दफ्तरात निजामाच्या वेळचे उर्दू शब्द, अशी आमची भाषा. दादा नकाशाला शेवटपर्यंत नक्शाच म्हणत राहिला.

बाजारहत्नूरजवळ आमचं आजोळ. वेचून आणलेला कापूस तिथं एका खोलीत छताला टेकेल इतका भरलेला असे. आम्ही पोरं त्या ढिगावर पडून दादाकडून गोष्ट ऐकत असू. मामांच्या पेटीत एक जाडजूड जुनं पुस्तक होतं, अद्भुत कथेचं. त्याला वरची पानं नव्हती, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नव्हतं. शेवटची पानं उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली होती. एक राजपुत्र एका नगराच्या शोधात निघतो आणि ते नगर दर अमावास्येला उठून दुसरीकडे चालत जातं, अशी ती गोष्ट. वाटेत राक्षस, उलटी वाहणारी नदी, बोलणारे दगड. शेवटी राजपुत्र वेशीपाशी पोचतो, पहारेकरी त्याला काहीतरी विचारायला तोंड उघडतो आणि पुस्तक संपतं. त्या पुस्तकात एकही चित्र नव्हतं. दादाला त्याचंच वाईट वाटे. शेवट नसल्याचं मला वाईट वाटे.

नोकरी लागल्यावर तो एकदा प्रशिक्षणासाठी हैदराबादला गेला आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक मोठं विलायती चित्रांचं पुस्तक घेऊन आला. तिकडच्या जुन्या अद्भुत कथांवर कुणी चित्रकारानं काढलेली पानभर चित्रं. प्रत्येक चित्रावर पातळ पारदर्शक कागदाचा पडदा. दादा हात धुऊन, पुसून मगच ते उघडत असे. पडदा हळूच उचलायचा आणि खालचा राक्षस बघायचा. "पडदा पाहिजेच," तो म्हणे. "राक्षसानं एकदम अंगावर येऊ नाही. आधी धुक्यातून दिसला पाहिजे." मग थोडा वेळ बघून म्हणे, "पण झाडं तिकडची हायेत. आपल्या गोष्टीत साग पाहिजे."

वहिनी गेल्यानंतरच्या वर्षी त्यानं आपलं पुस्तक सुरू केलं. चोवीस चित्रं तो काढणार आणि समोरच्या पानावर मी गोष्ट लिहिणार, असं ठरलं. मी म्हटलं, आधी मी लिहिते, मग तू काढ. तो हसला. "तू लिवशील आन मी काढीन, म्हणजे मी तुझा कारकून झालो. मी काढतो, तू पाहून लिव, शाळाबाई." मला तो कायम शाळाबाईच म्हणत आला. कागद त्यानं दफ्तरातला निवडला. नवे छापील नकाशे आल्यावर गावोगावचे जुने नकाशे रद्द झाले होते. मागून कापड चिकटवलेले ते जाड कागद रद्दीत जाणार होते. वरिष्ठांना विचारून त्यानं त्यातले चोवीस मागून घेतले. पुढच्या बाजूला एखाद्या गावाची शेतं, विहिरी, नाले. कापडाच्या बाजूला खळीचा हात देऊन त्यावर आमची गोष्ट.

काम करायची त्याची रीत ठरलेली होती. आधी पट्टी लावून दुहेरी रेघेची चौकट, मग कोपऱ्यात चित्राचा क्रमांक, मग आत पेन्सिल आणि सगळ्यात शेवटी शाई. चालतं नगर काढताना त्यानं घरांना पाय काढले नाहीत. ओढा ओलांडताना बाया लुगडं वर धरतात तशा भिंती किंचित उचललेल्या, कौलं एका बाजूला कललेली, आणि देवळाच्या घंटेला एका म्हातारीनं हातानं धरलेलं, वाजू नये म्हणून. राक्षसाच्या कानावर पेन खोचलेला होता. मी म्हटलं, "दादा, ह्या राक्षसाला मी कुठंतरी पाहिलंय." "पाहशील नाही त काय! महिन्यातून दोनदा सही मागाले जातो मी त्याच्याकडं." नंतर ते साहेब बदलून गेले. दादानं त्यांना निरोपाच्या दिवशी ते चित्र दाखवलं, आणि ते म्हणे पोट धरून हसले.

घरात उधई झाली म्हणून हे कागद तो दफ्तराच्या नोंदीखोलीत वरच्या फळीवर ठेवत असे. आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तो दसरा जवळ आला होता. त्याच सुमाराला दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. हैदराबादला जाण्याआधी तो मला म्हणाला, "शाळाबाई, तेवढा गठ्ठा आणून ठेव घरी. आता दफ्तरात हलवाहलव होईल." मी विचारलं, "चोविसावं झालं?" "होऊन राह्यलं," तो म्हणाला. शेवटचं चित्र तो मला दाखवत नव्हता. गोष्टीचा हरवलेला शेवट त्यानं स्वतः रचला होता आणि तो मी चित्रातच पहावा, अशी त्याची इच्छा होती.

मी दोन दिवस उशिरा गेले. शाळेत बतुकम्माच्या सणाची तयारी होती, मुलींना फुलं रचायला मदत करत बसले. तिसऱ्या दिवशी नोंदीखोलीत पाय ठेवला तर फळ्या रिकाम्या. ज्या नकाशावर ज्या गावाचं नाव, तो त्या गावाच्या नव्या जिल्ह्याकडे, असा हिशेब झाला होता. लाल फडक्यात बांधलेले बस्ते आदल्या दिवशीच गेले होते. आमच्या कागदांवरही गावांची नावं होतीच. कुणी उलटून पाहिलं नाही, आणि का पहावं? काही चित्रं निर्मलला गेली, काही मंचिर्यालला, थोडी आदिलाबादलाच दुसऱ्या बस्त्यात राहिली आणि शेवटचं एकटंच आसिफाबादकडे.

दादा डोळ्यावर पट्टी घेऊन परत आला तेव्हा मी त्याला सांगितलं आणि रडायला लागले. "काऊन रडून राह्यली?" तो म्हणाला. "चालणारं नगर होतं, गेलं चालत. पत्ता हाये ना आपल्यापाशी." कोणतं चित्र कोणत्या गावाच्या पाठीवर, हे त्यानं एका वहीत लिहून ठेवलं होतं. मी विचारलं, "शेवटचं पुरं झालं होतं ना?" तो डोळ्यावरची पट्टी चाचपत राहिला... मग म्हणाला, "हो."

त्यानंतरची वर्षं आम्ही बसनं हिंडलो. वर्षातून तीनदा, चारदा. दादा अर्ज लिहून नेई. प्रत्येक ठिकाणी बस्ते सोडून पहावे लागत, आणि एका फेरीत एखादंच चित्र हाती लागे. निर्मलच्या दफ्तरात आमची राजकन्या सापडली तेव्हा तिथले चार जण खुर्च्या सोडून भोवती जमले. एकानं हिंदीत विचारलं, "ये कौन से गाँव में है?" दादा गंभीरपणे म्हणाला, "गाँव चला गया, साब." परतताना तो दिवसभर खूश होता. वाटेत चहा प्यायचा, माझ्या शाळेतल्या भानगडी विचारायच्या, माझ्या मराठीवर हसायचं. "तू बोलतेस का छापतेस?" असं तो म्हणे. आसिफाबादचा विषय काढला की मात्र, "ते शेवटी करू." मी हट्ट केला तर, "शेवटचं शेवटीच पाहिजे ना, शाळाबाई." मला वाटे, शेवट राखून ठेवायची ही त्याची हौस. आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, मी दोन दिवस आधी गेले असते तर...

तेविसावं चित्र या उन्हाळ्याआधी मिळालं. मग तोच एक दिवस म्हणाला, "चल, आसिफाबाद करून टाकू."

मागच्या आठवड्यात मी एकटी गेले. त्याच सकाळच्या बसनं, इंद्रवेल्लीवरून. दफ्तरात एक तरुण तेलुगू मुलगी होती. तिनं दादाच्या वहीतलं नाव वाचून बेज्जूरकडच्या गावांचा बस्ता सोडला आणि बराच वेळ शोधून कागद माझ्यासमोर ठेवला. पुढच्या बाजूला गाव, नाला, शेतांचे तुकडे. मी हात ओढणीला पुसले आणि कागद उलटा केला.

दुहेरी रेघेची चौकट होती. कोपऱ्यात चोवीस आकडा होता. आत काहीच नव्हतं. पेन्सिलची रेघसुद्धा नाही. मी खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून पाहिला. खोडल्याची खूणही नव्हती.

मला आधी राग आला, हे लिहायला हवं. इतकी वर्षं मी समजत होते की गोष्टीचा शेवट माझ्यामुळे गेला, आणि त्यानं मला तसं समजू दिलं. मग तिथल्या लाकडी बाकावर बसल्यावर त्याचा उजवा डोळा आठवला. ऑपरेशननंतर तो कधी पुरता सुधारला नाही. बारीक रेघ त्याला पुन्हा ओढता आली नाही, आणि हे तो कुणाला बोलला नाही. त्या दिवशी "हो" म्हणण्याआधी तो थांबला होता, तेव्हा चित्र पुरं करता येईल अशी त्याला आशा असेल. नंतर ती राहिली नसेल. आणि हा एक कागद आणायचा बाकी होता तोवर आम्हाला कुठंतरी जायचं होतं... आसिफाबादच्या या टेबलापाशी उभं राहून तो मला काय सांगणार होता, ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित नुसता माझ्याकडे बघून हसला असता.

कागद परत मिळणार नव्हता. त्या गावाचा नवा छापील नकाशा बस्त्यात नाही, म्हणून सध्या कामाला हा जुनाच लागतो, असं त्या मुलीनं सांगितलं. "मेडम, झेरॉक्स दे दूँ?" मी हो म्हटलं. तिनं गावाची बाजू यंत्राच्या काचेवर धरली, तेव्हा मी म्हटलं, "ये नहीं. पीछे का." ती थांबली. "खाली कागज़ का झेरॉक्स?" तिला हसू आवरेना, मलाही थोडं आलं. तिनं यंत्राचं झाकण दाबलं आणि गरम कागद माझ्या हातात दिला.

तो आता माझ्या टेबलावर आहे. यंत्रानं पलीकडच्या बाजूचंही थोडं उचललं आहे. चौकटीच्या आत फिकट, उलटी दिसणारी शेतं, एक नाला, कुठं कुठं विहिरीचा गोल. शाळेतून आले की मी या चित्रासमोरचं माझं कोरं पान उघडते, पेनाचं टोपण काढते आणि बसते. पाहून लिहायचं, असंच आमचं ठरलं होतं. काल मी पहिल्यांदा एक ओळ लिहिली, त्या नाल्याबद्दल.