धर्मा नाखवांनी बटण दाबलं होतं

उरणच्या किनाऱ्यावरच्या नाखवांनो, खलाशांनो, आपलं माणूस समुद्रात गेलं की दोष आपल्याच माथी मारतात. धर्मा नाखवा बुडाले तेव्हा हेच झालं. होडीवरचं संकटाचं यंत्र पुरवणारी कंपनी म्हणाली, "संदेश आलाच नाही. नाखवा बटण दाबायला विसरले." वाचलेला खलाशी रडून सांगत होता, की दाबलं. कोण ऐकतो!

त्या सुतकी दिवसांत सुलभाताई मला प्रथम भेटल्या. माणगावच्या कॉलेजात संगणक शिकवून त्या निवृत्त झालेल्या आणि इथे राहायला आलेल्या. दुसऱ्या होडीतलं तसलंच यंत्र त्यांनी मागून नेलं. तपासून परत आणलं आणि धक्क्यावर आम्हा सगळ्यांसमोर लाल बटण दाबलं. बटण दाबल्याचा हिरवा दिवा लागला, पण संदेश न पाठवताच यंत्र गपगार झोपलं.

"यंत्राचा गाभा म्हणजे कर्नेल," ताई म्हणाल्या. "बटणाचा हुकूम त्याच्याकडे नेतो तो मधला प्रोग्राम म्हणजे लायब्ररी. ही लायब्ररी आकड्यांत बोलते. तिच्या लेखी चार म्हणजे मदत मागा. कंपनीनं नवा कर्नेल घातला, त्यात चार म्हणजे झोप. लायब्ररीतले आकडे कोणी बदललेच नाहीत."

रामा नाखवा म्हणाले, "म्हंजे आपून मदतीचा बावटा लावाचा, न पलीकडचा समजाचा का जालं टाकलंय?"

"अगदी तसंच."

"मंग दोगांनी आधी बसून ठरवाचा ना!"

"तेवढंच राहिलं, नाखवा."



कंपनीला कळवण्याआधी ताई धर्मा नाखवांच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. "वहिनी, त्यांनी बटण दाबलं होतं," एवढंच त्या बोलल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "माजा मानूस इसरनारा नव्हता, ताई. मी बोलतच व्हते."

मग कंपनीलाही कळवलं, पण ती आजही गप्प आहे. तिची माणसं चुकली याचा मला राग नाही. मेलेल्या माणसावर ढकलून मोकळी झाली, याचा आहे. ताईंनी मात्र लायब्ररी दुरुस्त केली. आकडे मनानं लिहायचे नाहीत, कर्नेलकडूनच घ्यायचे, हा त्यांचा वर्गातलाही हट्ट होता.

ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, प्रकृती धडधाकट राहो, आणि त्या पुष्कळ वर्षं आपल्यात असोत. पण हार घेऊन जाऊ नका. तेच जुन्या लायब्ररीचं यंत्र अजून तुमच्या होड्यांवर आहे. नारळी पुनवेनंतर होडी लोटण्याआधी ते उतरवा आणि दुरुस्तीला ताईंच्या दारी नेऊन ठेवा.