आमटीच्या कढईतली अंघोळ

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान रखमाजी, हाडाचे आचारी. नगरात कुणाचंही लग्न असो, शिपी आमटीची कढई त्यांच्याच हातची. लोक भाकरी कुस्करून ओरपायचे आणि घाम पुसत आणखी मागायचे. असा सोन्यासारखा माणूस बिहारात राजगीरला गेला आणि बिघडून आला.

तिथं बुद्धांच्या काळापासूनची गरम पाण्याची कुंडं आहेत. जवळच जपानी यात्रेकरूंचं एक विश्रामगृह होतं, तिथं दाजी स्वयंपाकाला लागले. आम्ही बौद्ध माणसं, तेव्हा नोकरी मानाचीच. पण स्वयंपाक कसला, आजाऱ्याचं पथ्य! मिसो म्हणून आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, तो गरम पाण्यात कालवला की झालं सार. मिरची नाही, लसूण नाही, फोडणी तर नाहीच. वर बिनदुधाचा, बिनसाखरेचा हिरवा चहा. आणि हे खायच्या आधी गरम पाण्यात बसून अंग सैल करायचं म्हणे. परत आल्यापासून दाजी आमच्या जेवणाला नुसतं 'हं' म्हणायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या माधुरीला पाथर्डीकडचं स्थळ आलं. मुलगा सम्राट, शिक्षक. माधुरीचा जीव त्याच्यावर जडला होता, हे मला आणि आक्काला ठाऊक होतं. फक्त त्याच्या वडिलांचा, भिमाजींचा, होकार राहिला होता. बापलेक सावेडीला आमच्याकडे जेवायला यायचे होते. मी म्हटलं, दाजी, शिपी आमटी करा. तर म्हणे, ती काय कुणीही करतं.

पाहुणे आले. परसात चादरीचा आडोसा, आडोशामागे दाजींची पाचशे पानांची कढई, कढईत वाफाळतं पाणी. दाजी हात जोडून भिमाजींना म्हणाले, "आधी अंघोळ करून घ्या, मग जेवू."

भिमाजींचा चेहरा दगड झाला. आमच्या आज्या-पणज्यांना लोकांनी पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नव्हता, आणि हा शहाणा स्वतःच्या सोयऱ्याला सांगतो, आधी धुऊन या! धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. माधुरी दारात पांढरीफटक उभी. आक्कानं घाईघाईनं राजगीरचं सगळं पुराण सांगितलं, तिथं पाहुण्याचा मान असाच करतात म्हणून. भिमाजी दाजींच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. माणूस भोळा आहे, हे त्यांना कळलं असावं. ते आडोशामागे गेले.

गेले ते येईनातच. सार निवलं, चहा निवला. सम्राटनं हाक मारली, तर आतून नुसतं 'हं' आलं, थेट दाजींसारखं.

शेवटी लालबुंद होऊन आले, सार एका घोटात संपवलं आणि जेवण कधी आहे, असं विचारलं. आक्कानं शेजारणीकडे लपवून ठेवलेली शिपी आमटी आणली. दाजी तोंड पाडून बसले आणि सगळ्यांच्या आधी भाकरी कुस्करायला लागले.

जेवण झाल्यावर भिमाजींनी माधुरीला जवळ बोलावलं.

"पोरी, आमच्याकडं टँकर येतो. आज मी जेवढ्या पान्यात बसलो, तेवढ्यात आमचं घर लई दिस काढतं. ह्याचा इचार कर, मंगच व्हय म्हन."

दाजींची मान खाली गेली.

माधुरी म्हणाली, "मामा, मी ते पाणी टाकलं नाही. बादल्या भरून पपईला घातलं. उरलेल्यात संध्याकाळी अंगण शिंपीन."

भिमाजी उठून परसात गेले. पपईचं आळं वाकून बघितलं, कढईत डोकावले आणि परत येऊन दाजींसमोर बसले.

"व्याही, तारीख धरा. लग्नात आमटी तुमच्याच हातची पायजे," ते म्हणाले. "पन कढई दुसरी घ्या."