बिनविरोध शर्यत

बारामतीत गेम बनवायचं ऑफिस निघालंय म्हटल्यावर पुण्यातल्या मैत्रिणी हसल्या होत्या. त्या भलत्याच कारणासाठी हसल्या, पण हसल्या ते बरोबरच होतं. मी तिथली नोकरी सोडून इकडे आले, कारण पिंपळी माझं गाव आणि ऑफिस तिथून स्कूटीवर जाण्याच्या टप्प्यात. आमचा बैलगाडा शर्यतीचा मोबाइल गेम पुण्याची एक कंपनी विकत घेणार होती. तो विकला गेला तर ऑफिस चालणार आणि मी घरी राहणार. नाही तर पुन्हा पुणे, पुन्हा चौघींत एक खोली.

गेममध्ये आसपासच्या गावांच्या जोड्या होत्या. अंथुर्ण्याची जोडी सुसाट सुटायची, पण मध्येच दमायची. वरकुट्याची संथ, पण दमाची. आणि पिंपळीची सगळ्यांत मरतुकडी. तिला आधी आवरून धरायचं आणि अगदी शेवटी सोडायचं, हे ज्याला साधेल त्याला ती पहिला क्रमांक आणून द्यायची. त्यासाठी वेगाचे आणि दमाचे आकडे जुळवण्यात माझा अख्खा उन्हाळा गेला. मला त्या जोडीचा लळा लागला होता, हे सांगायला लाज कसली?

हे सगळे आकडे डेटाबेसमध्ये असत. पण आमच्या मालकाला डेटाबेस उघडायची भीती वाटे. त्याला ऑनलाइन शीट हवी होती, फोनवर उघडणारी. म्हणून मी सिंक लिहिलं. शीटमध्ये आकडा बदलला की थोड्या वेळानं तो आपोआप डेटाबेसमध्ये उतरायचा आणि गेम तो उचलायचा. सोय उत्तम होती. मग मालकानं शीट बदलायचा अधिकार वाटायला सुरुवात केली. लग्नाच्या पत्रिकेत कुणी रुसू नये म्हणून नावं घालतात, तसा. पहिला मान अर्थात तात्यांचा. तात्या म्हणजे मालकाचे चुलते, अंथुर्ण्याचे. ऑफिसही त्यांच्याच खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. निदान वेगाचा रकाना तरी कुलूपबंद करू, असं मी म्हटलं, तर मालक म्हणाला की तात्यांना कुलूप लावलेलं बरं दिसत नाही. बरं काय दिसतं याचं ज्ञान त्याला फार.

तात्यांची हयात सोसायटीच्या राजकारणात गेली. निवडणूक लागू द्यायची नाही, सगळ्यांना एका सतरंजीवर बसवून बिनविरोध करायचं, ही त्यांची ख्याती. लोक त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

पुण्याची माणसं आली त्या दिवशी सकाळी मी गेम स्वतः खेळून पाहिला होता. सगळं ठीक होतं. मग पाहुणे सरबत पीत बसले, आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी फोन हातात घेऊन शर्यत लावली. सगळ्या जोड्या एकदम सुटल्या, एका रांगेत पळाल्या आणि एकदमच रेषेवर पोचल्या. स्क्रीनवर प्रत्येक गावापुढे ‘पहिला क्रमांक’. बाईंनी जोडी बदलली, कासरा मुद्दाम सोडून दिला. तरी तेच.

“यात हरायचं कसं?” त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं.

मी शीट उघडली. प्रत्येक जोडीचा वेग शंभर, दम शंभर, आणि बदल करणारे तात्या. शंभरच्या वरचा आकडा सिंक अडवायचं, तेवढी तपासणी मी घातली होती. सगळ्यांनाच शंभर देणारा मुत्सद्दी कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. पण शीट मागच्या अवस्थेला न्यायला एक बटण पुरे होतं. पाच-दहा मिनिटं द्या, असं पाहुण्यांना सांगायला मी तोंड उघडलं, तोच मालकानं माझा लॅपटॉप मिटला.

“तात्यांच्या समोर नको,” तो कुजबुजला.

एवढं बोलून तो पाहुण्यांना मटणाच्या जेवणाला घेऊन गेला. ते पोटभर जेवले, रश्श्याचं तोंडभरून कौतुक केलं, गेमबद्दल कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांनी कळवलं नाही.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर मी खाली दुकानात जाऊन तात्यांना विचारलं, हे का केलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. तात्या खतांच्या पोत्यांना टेकून सुपारी कातरत होते. शीट बघून वरकुट्याच्या लोकांनी फोन केला होता, म्हणाले. आमचीच बैलं मंद का, म्हणून. मग इतर गावांचेही आले. पाहुण्यांसमोर तंटा नको म्हणून सकाळी त्यांनी सगळं मिटवून टाकलं.

“कुणाचं मन दुखावलं न्हाय बघ,” ते समाधानानं म्हणाले. “आन् तुझ्या पिंपळीचा तर फोनबी आला न्हवता. तरी तुझं गाव म्हणून तिलाबी शंभर दिलं. आता तुला तरी काय तक्रार हाय, पोरी?”

ऑफिस दोन-चार महिन्यांत बंद झालं. तेही बिनविरोध.

मी पुन्हा पुण्यात आहे, चौघींत एक. तो गेम अजून माझ्या फोनमध्ये आहे. कधी तरी उघडते, पिंपळीची जोडी निवडते आणि फोन गादीवर नुसता ठेवून देते. जोडी पहिली येते.