पहिला आकडा धरायचा नाही

लिहायला बसलो हाच थोडा आगाऊपणा आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते चक्कीवर आलेल्या डब्यांवर, खडूनं, कोणाचा डबा कोणता हे कळावं म्हणून. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे मला काहीतरी कळतं असा घरच्यांचा समज आहे. त्या समजानं काय झालं तेवढंच सांगतो.

मी वर्ध्याला समाजकार्य शिकतो. गेल्या वर्षी एका अभ्यासात माहिती गोळा करायचं काम मिळालं. हृदयविकार, बीपी, शुगर असे एकदा आले की जन्मभर सोबत राहणारे आजार गावांत कोणाकोणाला आहेत, आणि त्यांना स्वतःला ते माहीत आहे का, हे पाहायचं होतं. घरं संगणकानं निवडलेली. आम्ही टॅब आणि बीपीचं मशीन घेऊन त्या घरांत जायचं.

आधी अभ्यास चालवणाऱ्या मॅडमनी प्रशिक्षण दिलं. माणसानं अर्धा तास आधी चहा, तंबाखूचा खर्रा असं काही घेतलेलं नसावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. मग तीन वेळा बीपी मोजायचा. पहिला आकडा धरायचा नाही, कारण दंडावर पट्टा आवळला की माणूस दचकतो. पुढच्या दोन आकड्यांची सरासरी काढायची. हा नियम मला फार आवडला. पहिल्या वेळी जे होतं ते माफ, असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

चहाचा नियम पाळणं मात्र अवघड गेलं. देवळीजवळच्या एका घरी मी पोचताच चहा आला. घरच्या काकांनीही माझ्यासोबत घेतला, कारण पाहुण्याला एकट्याला चहा पाजत नाहीत. म्हणून अर्धा तास थांबलो. पाहुणा अर्धा तास नुसता बसलेला बरा दिसत नाही, म्हणून पुन्हा चहा आला. काकांनी पुन्हा सोबत केली. त्या घरी मी पावणेदोन तास होतो. फॉर्ममध्ये उशिराचं कारण म्हणून मी 'आदरातिथ्य' लिहिलं. मॅडमनी ते बदलायला लावलं.

पण सांगायचं ते त्याआधीचं आहे. काम सुरू होण्याच्या आदल्या रविवारी मी सराव करायला मशीन घरी नेलं होतं. आमचं गाव सेलू तालुक्यात, हिंगणीच्या पुढं. घराला लागूनच आमची पिठाची चक्की आहे. बाबा शेत पाहतात, चक्की आई चालवते. गहू-ज्वारीचे डबे डोक्याच्या वर उचलून ती चक्कीच्या तोंडात ओतते. लाईन, म्हणजे वीज, असली की तिला बसायला वेळ नसतो. त्या दिवशी लाईन गेली होती, म्हणून ती खुर्चीवर बसली.

"माय, आता पाच मिनिटं बोलू नको."

"काऊन? काय झालं?"

"काई नाई झालं. नियम आहे."

"बरं." मग लगेच, "बाबू, नियम कोनाचा आहे?"

अशी पाच मिनिटं झाली. मी बटण दाबलं. वरचा आकडा एकशे शहाऐंशी आला.

"हे जास्त आहे का रे?"

"पहिला आकडा धरत नसतात, माय," मी म्हणालो. हे सांगताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

दुसऱ्यांदा बटण दाबणार तोच लाईन आली. आई दंडावर पट्टा तसाच घेऊन उठली. मी मशीन हातात धरून तिच्या मागं चक्कीपर्यंत गेलो आणि तिथं पट्टा सोडवून घेतला. बाहेर बाया डबे घेऊन उभ्याच होत्या. थोड्या वेळानं माझी बस होती. मी वर्ध्याला आलो.

तीन आठवड्यांनी अल्लीपूरला एका घरी गेलो. संगणकानं निवडलेल्या काकू आईच्याच वयाच्या होत्या. त्यांचा पहिला आकडा एकशे चौऱ्याऐंशी आला. मी म्हणालो, हा धरायचा नाही. दुसराही एकशे चौऱ्याऐंशीच आला. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"एक फेकून देल्लं, दुसरं बी तेच आलं," काकू म्हणाल्या. "आता तिसरं काऊन घेता भाऊ? पसंत नाई आलं का?"

तिसरा एकशे ब्याऐंशी आला. मी त्यांना दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. लिहिताना त्यांच्या नावाच्या जागी मी आईचं नाव लिहिलं आणि खोडलं. काकूंनी मलाच पाणी दिलं.

बाहेर येऊन आईला फोन लावला. तिचा फोन चक्कीत खिळ्याला पिशवीत टांगलेला असतो. चक्की सुरू असली की तो ऐकू येत नाही. चार वेळा लावला. बाबांचा फोन घरीच चार्जिंगला असतो. शेवटी गावातल्या आशाताईंना लावला. त्या घरोघरी जाऊन बीपी पाहतात.

"तुह्या मायचा मी मागच्याच आठवड्यात पाह्यला," त्या म्हणाल्या. "एकशे नव्वदच्या जवळ होता. तं म्हणे, पहिला आकडा धरत नसतात, माह्या पोट्ट्यानं सांगतलं. दुसरा घेऊ म्हटलं, तं म्हणे आता लाईन आहे. आता चक्कीवर येनाऱ्या साऱ्या बाया मले तेच सांगून राह्यल्या. काय शिकवते रे तुम्हाले तिथं?"

"ताई, पहिला सोडायचाच असतो. पण पुढचे दोन घ्यायचे असतात."

"मंग अर्धंच काऊन सांगतलं?"

मी म्हणालो, ताई, आत्ता जाता का? त्या म्हणाल्या, "जातो. पन लाईन आहे तवरोक ते बसनार नाई, तुले बी मालूम आहे."

म्हणजे आमच्या गावची लाईन जाईपर्यंत मला आईचं काही कळणार नव्हतं. प्रशिक्षणात मॅडमनी मेंदूतल्या फुटलेल्या रक्तवाहिनीचं चित्र दाखवलं होतं. तेव्हा मी ते वहीत नीट काढून घेतलं होतं, रंगासकट. आता डोक्यावर डबा धरलेली आई आणि ते चित्र एकाच वेळी डोळ्यांपुढं येत होतं. त्या दुपारी मी अल्लीपुरात आणखी दोन घरं केली. दोन्हीकडे लोकांना पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं. त्यातल्या एका आजोबांनी, तुमची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. लाईन जावी म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. गावात त्या वेळी इतर कोणाचं काय काम अडेल याचा विचार केला नाही.

अडीच वाजता ताईंचा फोन आला.

"गेलती लाईन. बसवलं तुह्या मायले. तीनदा घेतला."

"किती?"

"पहिला एकशे नव्वद. तो तं तुमी धरत नाई. दुसरा एकशे अठ्ठ्याऐंशी. तिसरा एकशे शहाऐंशी."

मी पुढच्या दोन्हींची सरासरी काढली. एकशे सत्त्याऐंशी.

"मी म्हटलं, माय, आता पोट्ट्याच्या हिशोबानं बी झालं. तं म्हणे, त्यानं दोन धराले सांगतले तं दोन धरू."

"फोन द्या ना तिला."

"कुठून देऊ? ते गेली ना तुह्या बापाच्या गाडीवर, सेलूच्या दवाखान्यात."

मी कान देऊन ऐकलं. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता.

"ताई, लाईन आली का?"

"आली ना. ते निघाच्या पयलेच आली."

"मग चक्की?"

"बंद आहे," ताई म्हणाल्या. "बाया डबे घेऊन उभ्या आहेत, अन् तुही माय चक्की बंद करून गेली."