लवंगीच्या मापाची गाडी

लवंगी हे नाव तिला माहेरी पडलं आणि सासरीही तेच टिकलं. उंची बेताची, तोंड मात्र फटकळ. लहानपणी तिच्यासाठी जे जे घेतलं ते वाढत्या अंगाचं. गणवेश घ्या, बूट घ्या, सगळं 'पुढच्या वर्षी बसेल' म्हणून. पुढची वर्षं आली नि गेली, पण अंगाने वाढायचं काही मनावर घेतलं नाही. रक्त तपासायच्या ज्या प्रयोगशाळेत ती काम करायची, तिथला पांढरा कोटसुद्धा तिला बाह्या दुमडूनच घालावा लागे. पण नस शोधावी तर तिनेच. आरडाओरडा करणारी पोरं आणि हट्टी म्हातारे तिच्यापुढे गरीब गाय होऊन हात पुढे करायचे.

टेकडीपलीकडच्या वस्तीत घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारे काका आता निवृत्त होत होते. ती फेरी लवंगीला हवी होती. खिडकीमागे बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून तिचा जीव विटला होता. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, सोमवारी सकाळी स्वतःची गाडी घेऊन ये, नाहीतर फेरी दुसऱ्याला जाईल.

अडचण नवऱ्याची होती. तो शिंपी, बोलणं कमी आणि गळ्यात टेप कायम. मागे एकदा दिराच्या दांडग्या बाईकवर सराव करताना ती चौकात थांबली, पाय जमिनीला पोचला नाही, आणि गाडीसकट आडवी झाली. फुटलेला गुडघा ती केव्हाच विसरली, पण नवऱ्याच्या डोळ्यांसमोरून तो काही हलेना. खिडकीच बरी, असं तो जेवताना दोनदा म्हणाला. सासूने त्याला गप्प केलं. पोरगी पडली यात तिचा काय दोष, गाडी धटिंगण होती, असं म्हणून तिने दोघांना शनिवारी दुकानात पिटाळलं.

दुकानातल्या विक्रेत्याने लवंगीला पाहिलं मात्र, तिला थेट स्कूटरकडे नेलं आणि रंग दाखवायला लागला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, रंग सुरेख आहेत, पण मला खडीच्या चढावरून जायचंय आणि लहान चाकं तिथे घसरतात. मोठ्या चाकाची हलकी बाईक दाखवा. विक्रेता वरमला. नवऱ्याने मात्र टेप काढून कामाला सुरुवात केली. घरून तिच्या पायाचं माप आणलं होतं, ते तो एकेका सीटच्या उंचीशी ताडून बघू लागला. सगळ्यांत बुटकी गाडी सापडली तसा त्याचा चेहरा उजळला.

लवंगी तिच्यावर बसली. पायांची नुसती बोटं टेकली. शेजारची गाडी टेपाने चांगली दोन बोटं उंच, आणि तिच्यावर बसली तर चवडे टेकले. नवऱ्याने पुन्हा मोजलं. टेप उलटून मोजलं. त्याला आपल्या टेपाचाच संशय यायला लागला.

लवंगीला हसू आलं. "अहो, पायजमा बेतताना तुम्ही नुसती पायाची लांबी घेता का?"

"नुसती कशी? आसन नको का बघायला?"

बोलून तो थांबला. बुटक्या गाडीची सीट पुढून पाटासारखी रुंद होती. मांड्या फाकल्या की पायाची लांबी तिथेच संपत होती. दुसरीची सीट पुढे निमुळती. जन्मभर लोकांची आसनं बेतणारा हा माणूस बायकोच्या गाडीचं आसन बघायला विसरला होता. तिथेच कपाळावर हात मारून घेतला त्याने.

ती गाडी वजनाला हलकी होती, हँडल हाताशी येत होतं, ब्रेकही बोटांत मावत होता. फक्त टाचा अजून अधांतरी राहत होत्या. विक्रेता म्हणाला, होईल हळूहळू सवय. आयुष्यभर हेच ऐकलेली लवंगी तोंड उघडणार, तेवढ्यात नवराच बोलला.

"सवय गाडीने करून घ्यायची. तिने नाही."

एवढं ठाम तो गिऱ्हाइकाशीही कधी बोलला नव्हता. लवंगीला त्याचा फार अभिमान वाटला.

गाडी घरी आली. रविवारी त्याने सीट सोडवली, कव्हर उसवलं, आतला फोम दोन्ही बाजूंनी तासला, थोडा वरूनही उतरवला, आणि कव्हर नव्याने बेतून जाड सुईने शिवलं. मग अंगणात तिला बसवून पुढून, मागून, खाली वाकून पाहिलं. टाचा टेकल्या. त्याचं समाधान होईना, म्हणून त्याने गाडीला हलके धक्के देऊन पाहिले. गाडी हलली, लवंगी हलली नाही. त्याच झपाट्यात तिचा पांढरा कोटही त्याने मागून घेतला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी गाडी पाहिली, तिला पाहिलं आणि नमुन्यांची पेटी तिच्या हवाली केली. चढाच्या ऐन मध्यावर पुढचा एक ट्रक मागे घसरत येऊन रस्त्यात आडवा झाला. मागे गाड्या, खाली खडी. दिराच्या गाडीवर असती तर इथेच लोळण घेतली असती. लवंगीने उजव्या पायाने ब्रेक दाबून धरला आणि डावा पाय खाली सोडला. टाच घट्ट रोवली गेली. ट्रक सरळ होईपर्यंत ती मजेत उभी राहिली.

वस्तीवर पोचल्याबरोबर नवऱ्याचा फोन आला. पोचलीस का, हे विचारायला त्याची जीभ रेटेना, म्हणून दुकानात गिऱ्हाइकाला विचारतो तेच त्याने विचारलं.

"बसतेय ना नीट? कुठे ओढत नाही ना?"

लवंगीने सवयीने बाह्या दुमडायला हात नेला. दुमडायला काही उरलंच नव्हतं.

"सगळं बसलंय," ती म्हणाली आणि पहिल्या दाराची कडी वाजवली.